मिश्रीची शपथ

श्रावणातला तो तिसरा रविवार. त्या दिवशी घरात काहीच घडलं नाही. महानंदाला पुढे कितीतरी दिवस तेवढंच आठवत राहिलं, की काहीच घडलं नव्हतं.

पहाटे नळाला पाणी आलं. तिनं दोन घागरी आणि मोरीतलं पिंप भरून घेतलं. तिची आई काशम्मा, जिला ती आणि तिचा धाकटा भाऊ अव्वा म्हणत, झुंजुमुंजूलाच दुधाला गेली होती. दुधाचं केंद्र गल्लीच्या तोंडाशी होतं, जाऊन यायला दहा मिनिटं पुरत. अव्वाला पाऊण तास लागला. महानंदानं तिच्या हातातलं पातेलं घेतलं आणि स्टो पेटवला.

"गर्दी होती का?"

"लई. रांग संपंना की," अव्वा पदराआडून म्हणाली.

रविवारी सकाळी तिथं चार माणसं नसतात हे दोघींनाही माहीत होतं. महानंदानं दुधावरची नजर हलवली नाही. अव्वा मोरीत गेली, कोनाड्यातला आपला हिरवा ब्रश तिनं पाण्यात बुडवला, दोनदा झटकला आणि परत पितळी भांड्यात उभा केला. मग लिंगपूजेला बसली.

त्या भांड्यात दोन ब्रश असत. महानंदाचा गुलाबी, तीन महिन्यांत केस फिस्कारलेला. अव्वाचा हिरवा, दोन वर्षांचा, आणि त्याचे केस अजून दुकानातल्यासारखे सरळ उभे. रोज ओला मात्र असायचा. न चुकता.

दुपारी जेवताना अव्वानं भाकरी आमटीत कुस्करून घेतली. कडक भाकरीचा तुकडा कडाकडा मोडून शेंगाचटणीबरोबर खाणं हे तिचं आयुष्यभराचं सुख. तीन आठवडे झाले, कडक भाकऱ्यांची चवड फडक्यात बांधलेली तशीच होती.

"चटणी घे की."

"नगं. पोटाला हलकं बरं. श्रावण हाय."

श्रावण होता हे खरं. सोमवारचे उपवास, शनिवारी एकदाच जेवण, मध्येच कुठली एकादशी. बाई जेवत नाही याचं कुणाला आश्चर्य वाटू नये, असा तो महिना. अव्वा उजव्या बाजूनं हळूहळू चावत होती, आणि पदर डोक्यावरून डाव्या गालावर ओढलेला होता. पाणी प्यायला तिनं तांब्या वर केला, पण मान मागे टाकली नाही. तोंड किंचित वाकडं करून एकेक घोट आत सोडला. पदर सरकला. डाव्या जबड्याखाली शुक्रवारी सुपारीएवढी गाठ महानंदानं पाहिली होती. आता ती लिंबाएवढी होती, आणि वरची कातडी चकाकत होती.

संध्याकाळी उंबऱ्याशी बसून महानंदा वाचनालयातलं पुस्तक वाचत होती. एकच पान तिनं तीनदा वाचलं. आत अव्वा फुलवाती वळत होती. घरात एक वास होता, मंद, गोडसर, फुलदाणीतलं पाणी बदलायचं राहून गेल्यावर येतो तसा. घरात फुलदाणी नव्हती.

"अव्वा, दात दुखतोय का तुझा?"

हात थांबले. "न्हाय बा."

"बघू बरं."

"काय बघतीस? उद्या सोमवार. सिद्धेश्वराला जाऊन आलं की समदं बरं हुतंय."

"समदं म्हणजे काय काय?"

अव्वा वातीला बोटांनी पीळ देत राहिली. महानंदानं पान उलटलं. आणखी एकदा विचारलं असतं तर काय झालं असतं, हा प्रश्न तेव्हा तिच्या मनात आला नव्हता. ती विचारणार नव्हती हे तिला ठाऊक होतं. कारणही ठाऊक होतं.

*

कारण दोन वर्षांपूर्वीचं होतं. महानंदा बाळीवेशीजवळच्या मुलींच्या शाळेत शिकवत असे. त्या वर्षी वरून पत्रक आलं, शाळाशाळांतून दातांची निगा शिकवायची, मुलींच्या आयांनाही बोलवायचं. महानंदा हौसेनं कामाला लागली. पुठ्ठ्यावर तिनं भलामोठा जबडा रंगवला. हिरड्या गुलाबी, दात पांढरे. खाली सुबक अक्षरांत लिहिलं: दात घासताना ब्रश हिरडीकडून दाताकडे फिरवावा. हिरड्या बोटानं हळू चोळाव्यात. रात्री मिठाच्या कोमट पाण्यानं चुळा भराव्यात. तंबाखू, भाजलेल्या तंबाखूची मिश्री, राख, विटकरीची भुकटी वापरू नये. हिरडीतून रक्त आल्यास, सूज आल्यास अंगावर काढू नये.

तो पुठ्ठा पाहून अव्वा खूप हसली होती. "दात हाईत व्हय हे? मला वाटलं लसणाच्या पाकळ्या."

कार्यक्रमाला ती नवं इरकली लुगडं नेसून पहिल्या रांगेत जाऊन बसली. मुलगी शाळेत बाई आहे, सगळ्यांसमोर बोलणार आहे, याचा तिला अभिमान होता. नवी पेठेतून दातांचे डॉक्टर आले होते. भाषण झाल्यावर ते म्हणाले, एका आईंचं तोंड आपण सगळे मिळून पाहू, आणि पहिल्याच रांगेतल्या काशम्माला त्यांनी खुर्चीवर बोलावलं. ओठ बोटानं उलटा केला. हिरड्या तव्याच्या बुडासारख्या काळ्या. दातांच्या मुळांशी काळी रेघ, आणि गालाच्या आत पांढुरका चट्टा.

"आजी, किती वर्षं लावताय मिश्री?"

"बाराव्या वर्षापासनं की," अव्वा तशाच उलट्या ओठानं म्हणाली.

"आणि या कुणाच्या आई?"

मागून एक बाई म्हणाली, "आवं, बाईंच्याच!" आणि हसू फुटलं. हसण्यात वाईट काही नव्हतं. हसणाऱ्यांतल्या निम्म्या बायांच्या कमरेला मिश्रीची डबी होती. पण महानंदाच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं आणि उतरेना.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर ती ओरडली नाही. ओरडणं तिच्या स्वभावात नव्हतं. तिनं आईसमोर पाट मांडला आणि म्हणाली, "लिंगावर हात ठेव."

अव्वाला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिचा चेहरा उतरला. "मिश्रीसाठी? येवढ्याशासाठी लिंग?"

"एवढंसं आहे तर सोड की."

"यव्वा, मिश्रीनं दात घट राहत्यात. माझ्या सासूचे..."

"हात ठेव."

गळ्यातलं इष्टलिंग लिंगायत माणूस मरेपर्यंत अंगावरून उतरवत नाही. दुसऱ्याची शपथ मोडता येते, देवळातल्या देवाची मोडून दंड भरता येतो. पण स्वतःच्या तळहातावरच्या लिंगाची शपथ मोडली तर जायचं कुणाकडं? अव्वानं चांदीच्या छोट्या पेटीतून लिंग काढून डाव्या तळव्यावर घेतलं, उजवा तळवा वर झाकला, आणि डोळे मिटून म्हणाली, "मिश्रीला बोट लावणार न्हाय." मग स्वतःच उठली आणि कमरेची पितळी डबी गटारीत रिकामी करून आली.

पहिला आठवडा वाईट गेला. तिचं डोकं ठणकायचं, हात कापायचे, पोट साफ होत नव्हतं. पांढरी दंतमंजनाची पूड ती जिभेवर ठेवून थुंकायची आणि म्हणायची, "खडू हाय की हा तुझ्या शाळेतला." दुसऱ्या आठवड्यात अचानक तिची कळी खुलली. डोकेदुखी थांबली. आणि दुधाला जायला पाऊण तास लागू लागला.

दूध केंद्र आणि घर यांच्यामध्ये सरदारबीचं दार होतं. सरदारबी वाकळा शिवून द्यायची. जुनी लुगडी, धोतरं घेऊन लोक यायचे आणि पंधरा दिवसांनी वाकळ घेऊन जायचे. नवरा हुसेनसाब ट्रकवर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. एका सकाळी महानंदा शाळेला लवकर निघाली. त्या दारावरून जाताना तव्यावर तंबाखू भाजल्याचा उग्र वास तिच्या नाकात शिरला. सरदारबी पान खायची. मिश्री लावत नसे.

महानंदा तिथं थांबली. दाराआड अव्वाचं हसणं ऐकू आलं, मोकळं, बऱ्याच दिवसांनी ऐकलेलं. मग ती पुढे निघून गेली.

शाळेत पोचेपर्यंत तिनं ठरवलं, संध्याकाळी बोलायचं. संध्याकाळी घरी आली तर अव्वानं तिच्या आवडीची हुग्गी, गव्हाची गुळातली खीर, रांधलेली, आणि गिरिजाबाईंनी आणलेल्या विजापूरकडच्या बिजवराचं पत्र न विचारता परत धाडलेलं. गिरिजाबाई अव्वाची मावसबहीण, महानंदाचं लग्न जमवणं हे तिनं व्रतासारखं घेतलेलं. "तुला नगं असंल तर नगं," अव्वा म्हणाली. तिनं असं म्हणण्याची ती पहिली वेळ. त्याआधी पाच वर्षं त्या घरात रोज लग्नाचा विषय होता.

महानंदा बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. वाचनालयातून उशिरा आली तरी अव्वा काही म्हणेना. पगारातून पुस्तकं आणली तरी म्हणेना. घरात एक नवी शांतता आली, आणि ती कशाची होती हे महानंदाला कळत होतं. आई तिला घाबरत होती. कधीकधी ती मुद्दाम म्हणायची, "अव्वा, ब्रश बदलायला झाला असेल ना तुझा?" आणि आईच्या डोळ्यांत काहीतरी लपकन हलायचं. तेवढं पाहून ती विषय बदलायची.

घरात थुंकता येत नाही म्हणून आई आता मिश्रीचं पाणी गिळते, हेही पुढे तिच्या लक्षात आलं. वर्षभरात आईचे दोन दात हलू लागले. मिठाच्या पाण्याच्या चुळा तिला रोज रात्री महानंदासमोर भरायला लागत. तेव्हा ती तोंड भिंतीकडे करायची.

*

सोमवारी शाळा अर्धी होती. महानंदा साडेबाराला आली तेव्हा दार उघडंच होतं आणि सरदारबी आत होती. गेल्या दोन वर्षांत ती या घराचा उंबरा चढली नव्हती.

अव्वा भिंतीला टेकून बसली होती, मान पुढे, तोंड अर्धवट उघडं. लाळ पदरात गळत होती. गाठ आता गाठ राहिली नव्हती. हनुवटीखालचा सगळा भाग एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत फळीसारखा टणक आणि लाल झाला होता. जीभ वर उचलली जाऊन दातांत आली होती. प्रत्येक श्वासाला घशात काहीतरी घासत होतं.

सरदारबीच्या हातात गरम मिठाची पुरचुंडी होती. "सुबेसे बोलरी मैं, चलो दवाखाने कू. सुनतेच नै. नंदा आने दे, नंदा आने दे, और नंदा आयेगी बोलके फिर रोरी."

"अव्वा, कधीपासून?"

अव्वानं हात हलवला. बोलायचा प्रयत्न केला, आणि आवाज आला तो तिचा नव्हता, गरम भाताचा घास तोंडात असावा तसा.

"रिक्षा आण, सरदारबी."

मोठ्या दवाखान्यात एका तरुण डॉक्टरनं तिला पाहिलं आणि लगेच खाटेवर घेतलं. तो चपळ होता, हात हलके होते. चमच्यानं जीभ दाबायचा प्रयत्न केला, जमेना. बॅटरीचा झोत तिच्या तोंडात टाकून तो खाली वाकला.

"खालच्या दाढेतून पसरलंय. किती दिवसांची सूज?"

"कालपासून," महानंदा म्हणाली.

डॉक्टरनं मान वर केली. "एका दिवसात एवढं होत नाही, बाई."

"काल संध्याकाळी पहिल्यांदा दिसली."

तो पुन्हा वाकला. "हिरड्या पार काळ्या आहेत. मिश्री लावतात का? त्यानं दुखणं कळत नाही, बधिर होतं सगळं. आत सडत राहतं."

अव्वाचे डोळे उघडे होते. ते डॉक्टरवर नव्हते. महानंदावर होते. त्यांत वेदनेपेक्षा मोठं असं काहीतरी होतं, आणि ते वाट पाहत होतं.

"नाही," महानंदा म्हणाली. "दोन वर्षांपूर्वी सोडली. लिंगावर शपथ घेतलीय तिनं."

अव्वाचे डोळे क्षणभर तिच्यावर ठरले आणि मग मिटले. खांदे सैल झाले. कुणीतरी तिच्या डोक्यावरचा हंडा उतरवून घ्यावा तशी ती उशीवर टेकली. महानंदाकडे आयुष्यात कुणी इतक्या कृतज्ञतेनं पाहिलं नव्हतं.

डॉक्टरनं काही विचारलं नाही. हनुवटीखाली चीर देऊन पू काढला, इंजेक्शनं दिली. रात्रभर श्वास चालला. जेऊरच्या स्टेशनावर निरोप गेला. तिथं महानंदाचा भाऊ चन्नवीर रेल्वेत होता. तो मंगळवारी अकराच्या पॅसेंजरनं पोचला. दुपारी तीनच्या सुमाराला घशातला तो घासणारा आवाज एकदा मोठा झाला, डॉक्टर धावत आला, आणि मग आवाज थांबला. खिडकीबाहेर कुणीतरी केळी विकत होतं.

*

लिंगायतांत मृताला बसवून नेतात. न्हाऊ घालायचं, विभूती लावायची, आणि शेवटी डाव्या तळव्यावर लिंग ठेवून तशा बसलेल्या स्थितीतच मातीच्या स्वाधीन करायचं. अव्वाला न्हाऊ घालायला गिरिजाबाई पदर खोचून पुढे झाली. तिनं पाणी पाहिलं, हळद पाहिली, आणि म्हणाली, "तोंड धुवायला पायजे. वास येतोय गं बाई."

"मी धुते," महानंदा म्हणाली.

"लेकीनं कशाला? तुला सोसंल का?"

"तुम्ही सगळ्या बाहेर थांबा, मावशी."

गिरिजाबाईनं तिच्याकडे पाहिलं आणि काय वाटलं कोण जाणे, बायांना घेऊन पडद्याबाहेर गेली. "लवकर कर. पूजा सांगायला जंगम ऐय्या येऊन बसल्यात," ती बाहेरून म्हणाली.

जबड्याला फडकं बांधलेलं होतं. महानंदानं ते सोडलं. वाटीत कोमट पाणी घेतलं, मीठ घातलं. खालचा ओठ हातानं हळूच खाली केला.

डाव्या बाजूला, सडलेल्या दाढेशेजारी, गाल आणि हिरडी यांच्या बेचक्यात मिश्री भरलेली होती. दाबून, ठासून. रविवारी किंवा सोमवारी सकाळी, वेदना सहन होईना तेव्हा, तिनं जवळ होतं ते एकच औषध तिथं भरलं असणार. दोन वर्षं लपवलेला काळा गोळा तोंडात तसाच होता. डॉक्टरनं तो पाहिला असणार. बघूनही गप्प राहिला असणार.

महानंदानं तर्जनीला ओलं फडकं गुंडाळलं. हिरडीकडून दाताकडे, असं तिनं पुठ्ठ्यावर लिहिलं होतं. तसंच ती पुसत गेली. काळं पाणी वाटीत उतरलं. वाटी बदलली. पुन्हा काळं. तिसऱ्या वेळी राखाडी झालं. हलणारा पुढचा दात बोटाला लागून कलला, तो तिनं नीट सरळ बसवला. गालाच्या आतला पांढरा चट्टा आता बोटाच्या दोन पेरांएवढा लांब लागला. आईच्या तोंडात बोट घालण्याची तिच्या आयुष्यातली ती पहिलीच वेळ होती. आणि आई काही लपवत नव्हती.

काळं पाणी तिनं मोरीत ओतलं, वर दोन तांबे ओतले, फडकं चुलीत घातलं. मग हाक मारली.

गिरिजाबाईनं ओठ जरासा उघडून आत पाहिलं आणि समाधानानं मान हलवली. बाहेर जाऊन तिनं बायांना सांगितलं, ते पडद्याआड महानंदाला ऐकू आलं. "कसं निर्मळ तोंड हाय बघा. शब्द दिला तो पाळला बाईनं. माझ्यासारखीला जमलं नसतं."

अव्वाच्या डाव्या तळव्यावर लिंग ठेवलं गेलं.

*

तिसऱ्या दिवशी जंगमांचं जेवण झालं. पत्रावळी उचलल्या गेल्या. चन्नवीर भिंतीला टेकून बसला होता, दाढी वाढलेली, डोळे तांबडे. तो वाईट माणूस नव्हता. आईवर त्याचा फार जीव होता आणि तो जीव टेकवायला त्याला कुठंतरी जागा हवी होती.

"अक्का, एक बोलू?"

"बोल."

"आपली आज्जी नव्वद वर्षं जगली. रोज दोन टायम मिश्री. बत्तीसच्या बत्तीस दात घेऊन गेली. व्हय का न्हाय?"

"हो."

"अव्वाचं काय वाईट चाललं होतं? तू तिची मिश्री तोडलीस. तोडल्यावर दोन वर्षांत दात हलले, सडले, माणूस गेलं. तुज्या शाळेतलं तुज्या शाळेत ठेवायचं की. घरात कशाला आणलंस?"

गिरिजाबाई म्हणाली, "गप रे, तिलाबी दुःख हाय." पण ती असं म्हणाली नाही की तू चुकतोस. दोन-तीन बायांनी महानंदाकडे पाहून नजर खाली घातली.

एक वाक्य पुरलं असतं. अव्वानं मिश्री सोडलीच नव्हती. तेवढं म्हटलं की चन्नवीरचं तोंड बंद झालं असतं, आणि मातीत बसलेल्या त्या बाईच्या तळहातावरचं लिंग सगळ्यांच्या डोळ्यांसमोर काळं पडलं असतं. महानंदा पत्रावळींच्या बांधलेल्या गठ्ठ्याकडे पाहत राहिली.

"चुकलं माझं," ती म्हणाली.

चन्नवीरला याची अपेक्षा नव्हती. तो उठला आणि खांद्यावर टॉवेल टाकून बाहेर गेला. संध्याकाळच्या गाडीपर्यंत तो फिरकला नाही. बायाही एकेक करत गेल्या.

उन्हं उतरली तेव्हा सरदारबी आली. उंबऱ्याशीच उभी राहिली.

"आत ये."

ती आत येऊन भिंतीशी बसली, अव्वा जिथं सोमवारी बसली होती त्याच्याजवळच. तिच्या ओढणीच्या टोकाला गाठ होती आणि ती ती गाठ सोडत होती, बांधत होती.

"सब सुना मैं. दीवार को कान रहते. वो तेरा भाई क्या क्या बोला तेरेकू. मैं बोलतूं उसकू. मेरे घर में भूनती थी मैं तंबाखू. मेरेच चूल्हे पे. रोज सुबे आती थी, लगाके बैठती थी, हँसती थी. मैं बोली, काशम्मा, कसम खाये ना तुम? बोली, लिंग मेरे गले में है, वो सब देखता, उसकू मालूम है मैं बुरी नै. बस नंदा कू मालूम नै होना."

महानंदानं पाण्याचा तांब्या तिच्यापुढे सरकवला.

"जुमे के दिन बहुत दुखरा था. मैं बोली, नंदा कू दिखाव. पढ़ी लिखी है, ले जायेगी डॉक्टर के पास. बोली, मुँह कैसे खोलूँ सरदारबी? खोली तो समजेगी." सरदारबीनं ओढणी डोळ्यांना लावली. "मैं कमीनी हूँ. मैं आके बोलना था तेरेकू. दोस्ती के वास्ते नै बोली. अब बोलतूं तेरे भाई कू. मेरा नाम ले. तेरेपे इल्जाम कायकू?"

"नको," महानंदा म्हणाली. "त्याला काही सांगू नकोस. कुणालाच नको."

"लेकिन तू..."

"मला ठाऊक होतं."

सरदारबीचे हात थांबले.

"दुसऱ्याच आठवड्यापासून. तुझ्या दारावरून गेले होते मी. वास आला, तिचं हसणं ऐकलं. ब्रश कोरा होता तेही मला दिसत होतं. शुक्रवारी गाठ पाहिली मी. डॉक्टरला खोटं सांगितलं. सगळं ठाऊक होतं."

"फिर बोली कायको नै?" सरदारबीचा आवाज एकदम चढला, आणि तो चढलेला ऐकून महानंदाला तीन दिवसांत पहिल्यांदा बरं वाटलं. "दो साल, नंदा! दो साल वो बुढ्ढी चोर के सरीकी आती थी मेरे घर. तू जानती थी?"

"ती मला घाबरायची ना, ते बरं वाटायचं मला." तिनं हे इतक्या सरळ आवाजात सांगितलं की सरदारबीला पटकन अर्थ लागला नाही. "घरात मला कुणी काही म्हणत नव्हतं. लग्नाचं नाही, पुस्तकांचं नाही. मी बोलले असते तर ते संपलं असतं. आणि मग इतके दिवस झाले की बोलता येईना. रोज वाटायचं, उद्या."

सरदारबीनं ओढणीची गाठ घट्ट बांधून टाकली. मग तिनं विचारलं, रागानं नाही, "क्या बोलती थी तू उसकू? बोलती तो क्या बोलती?"

महानंदानं भिंतीकडे पाहिलं. तिथं तेलकट डोक्याचा एक डाग होता, माणूस बसल्यावर टेकतं त्या उंचीवर. शाळेत ती जसं बोलायची तसं बोलणं तिच्या तोंडात आलं, ते तिनं गिळलं. मग घरातलं, आईचं बोलणं आलं.

"अव्वा," ती मोठ्यानं म्हणाली, "तू मिश्री लावतीस ते मला ठाऊक हाय. शपथंचं राहू दे. मी रागावत न्हाय. तोंड उघड, मला बघू दे."